पांढऱ्या कल्ल्यांचा मासा

कोकणात मासे कसे घ्यावेत हे कुणाला शिकवावं लागत नाही. पाटीतला बांगडा उचलायचा, अंगठ्याने कल्ला वर करायचा, आत बघायचं. लालभडक दिसला तर पिशवीत, फिका पडला असेल तर मुकाट्याने परत पाटीत. आई हेच करायची, मीही तेच करतो. समोरची मावशी "कालचो नाय, आज सकाळचोच आसा" म्हणते, तेव्हा तिलाही ठाऊक असतं की बोलण्यापेक्षा कल्ल्याचा रंग खरा. म्हणूनच अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या हिममाशाचं छायाचित्र पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझी नजर हटेना. मासा जिवंत, कल्ला उघडा, आणि आत सायीसारखा पांढरा रंग. या माशांच्या सोळा जाती आहेत. त्यांच्या अंगात रक्त खेळतं, पण ते पाण्यासारखं दिसतं, कारण त्यात हिमोग्लोबिनच नाही. पाठीचा कणा असलेल्या साऱ्या प्राण्यांत पूर्ण वाढ झाल्यावरही हिमोग्लोबिनशिवाय जगणारे एवढेच.

हा मासा आणि त्याचे भाईबंद हल्ली वादात साक्षीदार म्हणून उभे केले जातात. हवामानबदलावरच्या एका व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं चालली होती. एक वाचनात मुरलेले गृहस्थ उठले आणि म्हणाले, "ज्या जिवाने शून्याखालच्या पाण्यात संसार थाटला, तो एक-दोन अंशांनी काय मरणार? निसर्ग वाट काढतो." सभागृहातल्या बऱ्याच माना डोलल्या. उत्तरादाखल दुसऱ्या बाजूने जे आलं तेही मला पटलं नाही. मासे मरतील, पेंग्विन मरतील, सगळं संपेल, असा नुसता आकांत होता. एका बाजूला उत्क्रांतीवर आंधळा भरवसा आणि दुसऱ्या बाजूला नुसती कळवळ. ध्रुवावरचे मासे तिथे कसे पोचले आणि त्यासाठी त्यांनी काय मोजलं, याची चौकशी कुणीच केली नाही. ती केली तर उत्तर स्पष्ट मिळतं, असं माझं म्हणणं आहे. या माशांनी थंडीशी जुळवून घेतलं हे खरं, पण त्या जुळवून घेण्यातच त्यांचे परतीचे दोर कापले गेले. म्हणून त्यांचं पाणी राखणं, निदान त्यात आपण नवी ढवळाढवळ न करणं, हे आपलं काम आहे. त्याबाबतचा निर्णय जिथे होतो तिथे भारतालाही आवाज आहे आणि तो भारताने ठामपणे वापरायला हवा.

थंड पाण्यात जगणं म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहू. फ्रीजरमधला बांगडा काढून ताटलीत ठेवा. तासाभरात खाली पाणी साचतं आणि मासा हाताला मऊ, सैल लागतो. गोठताना बर्फाच्या कणांनी पेशी फाडलेल्या असतात, आतलं पाणी वाहून जातं. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत खारं पाणी उणे १.९ अंशांपर्यंत थंड असतं. बहुतेक सागरी माशांचं रक्त मात्र उणे एक अंशाच्याही आधीच गोठू लागतं. म्हणजे हिशेबाने तिथला प्रत्येक मासा दगडासारखा कडक व्हायला हवा. १९५० च्या दशकात शोलँडर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कॅनडातल्या लॅब्राडोरच्या हेब्रन खाडीच्या तळाशी असे मासे सापडले, जे गोठणबिंदूखालच्या पाण्यात न गोठता पोहत होते, केवळ तिथे बर्फाचा कण नव्हता म्हणून. त्यांना बर्फ नुसता लावला की ते बघता बघता गोठून मरत. पण अंटार्क्टिकाच्या माशांच्या भोवती तर बर्फच बर्फ, कल्ल्यांतून आणि तोंडावाटे तो शरीरातही जातो. ते कसे तगतात? अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो या अमेरिकी तळावर १९६० च्या दशकात आर्थर डेव्हरीज या तरुण संशोधकाने याचा छडा लावला. या माशांच्या रक्तात साखरेचे अंश जोडलेलं एक प्रथिन असतं. ते बर्फाच्या सूक्ष्म कणाला चिकटतं आणि त्याला वाढूच देत नाही. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात त्या अँटीफ्रीझचं नाव त्याला मिळालं, पण काम त्याहून कितीतरी बारीक आहे.

हे प्रथिन आलं कुठून? १९९७ साली क्रिस्टिना चेंग, डेव्हरीज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्वादुपिंडात तयार होणाऱ्या एका पाचक द्रव्याच्या जनुकाचा तुकडा सुटला, पुन्हा पुन्हा जुळत गेला आणि त्यातून अँटीफ्रीझचं जनुक बनलं. उत्तर ध्रुवाकडच्या ध्रुवीय कॉड माशाच्या रक्तातही जवळपास हुबेहूब असंच प्रथिन आहे, आणि त्याचा या अंटार्क्टिक माशांशी जवळचा संबंध नाही. त्याने ते उभं केलं ते डीएनएच्या अशा भागातून, जिथे आधी जनुक नव्हतंच. पृथ्वीच्या दोन टोकांना, दोन वेगळ्या वाटांनी, एकच उत्तर! त्या गृहस्थांच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे आणि मी तो मनापासून मान्य करतो. उत्क्रांतीची कल्पकता आपल्या कल्पनेच्या पलीकडची आहे.

पण ती कल्पकता किती वेळात फळाला आली? सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर मोठ्या प्रमाणावर बर्फ साचू लागला. दक्षिण अमेरिकेपासून तो खंड सुटा झाला, त्याच्याभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे गोल फिरणारा प्रवाह तयार झाला आणि आतलं पाणी हळूहळू निवत गेलं. नोटोथेनिॲड नावाच्या माशांच्या कुळाकडे त्या प्रदीर्घ काळात अँटीफ्रीझ आलं. त्यानंतरही या कुळाच्या फांद्या जोमाने फुटायला किमान एक कोटी वर्षं जावी लागली. आज अंटार्क्टिकाच्या समुद्रबूड जमिनीवर जाळं टाकलं तर त्यात येणाऱ्या माशांच्या वजनापैकी सुमारे नव्वद टक्के याच एका कुळाचं असतं. हे यश मोठं आहे. मात्र त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. पाणी निवायच्या आधी तिथे दुसरी, भरगच्च वस्ती होती. अंटार्क्टिकातल्या सेमूर बेटावरच्या खडकांत शार्कचे दात खच्चून सापडतात. आज त्या खंडाच्या उथळ समुद्रबूड जमिनीवर शार्क जवळपास नाहीतच. एक कुळ तरलं, बाकीची बहुतेक गेली. "निसर्ग वाट काढतो" हे वाक्य ज्याची वाट निघाली त्याच्याकडे बघून म्हटलेलं असतं. शिवाय ती वाट कोटी वर्षांच्या मापाने निघाली. आपण पाणी तापवतोय ते दशकांच्या मापाने. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला उन्हाळ्यातलं समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान १९५० च्या दशकापासून एका अंशाहून अधिक चढलं. माशांच्या किती पिढ्या त्यात बसतात? आणि त्या किती पिढ्यांत एखादं नवं जनुक उभं राहतं? ही दोन मापं एकमेकांशेजारी ठेवली तरी तो युक्तिवाद लंगडा पडतो.

वेळेपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्या माशांनी काय टाकून दिलं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण साऱ्या वादाची मेख इथे आहे. १९२७ साली डिटलेफ रुस्टाड नावाच्या नॉर्वेजियन जीवशास्त्रज्ञाला दक्षिण अटलांटिकमधल्या बूवे बेटाजवळ एक मासा मिळाला. त्याने रक्ताला रंग नसल्याची नोंद केली. दोन वर्षांनी योहान रूड हा संशोधक देवमाशांची शिकार करणाऱ्या बोटीवर गेला असताना खलाशांनी त्याला बिनरक्ताच्या माशाची गोष्ट सांगितली आणि त्याने ती हसण्यावारी नेली. घरी परतल्यावर रुस्टाडने त्याच्यापुढे छायाचित्रं ठेवली. रूडच्या मनात ती गोष्ट पाव शतक राहिली. अखेर तो दक्षिण जॉर्जिया बेटावर गेला, ताजे मासे मिळवले, रक्त तपासलं आणि १९५४ साली जगाला सांगितलं की खलाशी खरं बोलत होते. थंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, म्हणून हिमोग्लोबिन नसतानाही हा मासा तगला. पण त्याचं रक्त लाल रक्ताच्या नातलगांच्या तुलनेत एकदशांशाहूनही कमी प्राणवायू वाहतं. ही तूट भरून काढायला त्याला मोठं हृदय लागतं, दुपटी-चौपटीने रक्त लागतं, रुंद रक्तवाहिन्या लागतात. विश्रांतीच्या वेळी त्याच्या शरीराच्या एकूण खर्चापैकी पाचवा हिस्सा नुसतं रक्त फिरवण्यात जातो. काही जातींनी तर हृदयाच्या स्नायूतलं मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूत प्राणवायू साठवणारं प्रथिनही, गमावलं आहे. हिमोग्लोबिन जाणं हा फायदा होता की निव्वळ अपघात, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. मला तो अपघातच वाटतो. पाणी इतकं थंड आणि प्राणवायूने इतकं भरलेलं होतं की एरवी जिवावर बेतला असता असा अपघात तिथे पचून गेला. तेच पाणी कोमट होऊ लागलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. हरवलेलं जनुक मग कुठून आणायचं? जे मोडून पडलं, पुसलं गेलं, ते नड आली म्हणून परत येत नाही.

लाल रक्ताच्या भाईबंदांचीही अशीच कथा आहे. जवळजवळ प्रत्येक सजीवाकडे उष्णतेचा धक्का बसला की प्रथिनांची पडझड सावरणारी एक आपत्कालीन यंत्रणा असते, अगदी जिवाणूंकडेही. ट्रेमॅटोमस बर्नाकी या अंटार्क्टिक माशात २००० साली ती तपासली, तेव्हा उष्णतेला तिचा प्रतिसादच मिळाला नाही. कोट्यवधी वर्षं जिचं काम पडलं नाही, ती गेली. डेव्हरीज आणि सोमेरो यांनी १९६७ साली ट्रेमॅटोमसच्या जातींवर प्रयोग करून नोंदवलं होतं की पाणी सहा अंशांवर गेलं की हे मासे उष्णतेने मरतात. सहा अंश म्हणजे काय, ते आपल्या स्वयंपाकघरात कळतं. आपण दूध नासू नये म्हणून ज्या फ्रीजमध्ये ठेवतो, त्या फ्रीजमध्ये पारा जरा चढला तरी हा मासा उन्हाने मरावा तसा मरेल. आणि ज्या अँटीफ्रीझचं आपण एवढं कौतुक करतो, त्याचीही किंमत आहे. ते बर्फाच्या कणाला वाढू देत नाही, तसंच सहजी वितळूही देत नाही. २०१४ साली मॅकमर्डोच्या माशांत दिसलं की उन्हाळ्यात पाणी वितळणबिंदूच्या वर गेलं तरी अंगातले कण तसेच टिकून राहतात.

आता विरोधातले आणखी दोन मुद्दे, कारण ते टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पहिला मुद्दा प्रयोगशाळेतला. बर्फाखाली राहणारा पॅगोथेनिया बॉर्कग्रेविंकी हा मासा चार अंशांच्या पाण्यात काही आठवडे ठेवला तर तो बऱ्यापैकी सरावतो, असं आढळलं आहे. म्हणजे सगळेच काचेची भांडी नाहीत. दुसरा मुद्दा त्याहून जोरदार. सोळा हिममाशांपैकी एक, चॅम्प्सोसेफॅलस ईसॉक्स, अंटार्क्टिकाबाहेर पडून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, मॅजेलनच्या सामुद्रधुनीच्या तुलनेने उबदार पाण्यात राहतो. हिमोग्लोबिन नसतानाही! त्याची अँटीफ्रीझची जनुकं तिथे निकामी होत गेली आहेत. म्हणजे परतीची वाट आहे की! हो, एकाला सापडली. सोळांतल्या एकाला, लाखो वर्षांच्या मुदतीत, आणि तीही अशा ठिकाणी जिथे मधे बेटं आणि उथळ पाणी होतं. एका गावातला एक मुलगा शहरात जाऊन तगला म्हणून धरणाखाली गेलेल्या सगळ्या गावाचं पुनर्वसन झालं, असं आपण म्हणतो का? कोयनेच्या आणि उजनीच्या विस्थापितांची दुसरी-तिसरी पिढी ज्या महाराष्ट्रात अजून कागद घेऊन फिरते, तिथे तरी हा हिशेब मांडू नये. टाकीतल्या माशाचंही तसंच. मोठा मासा टाकीत सरावतो, पण त्याची अंडी कुठे आणि त्याचं खाणं कुठे? अंटार्क्टिकाचा रुपेरी मासा, ज्याच्यावर तिथले पेंग्विन, सील आणि मोठे मासे पोसले जातात, आपली अंडी समुद्रावरच्या बर्फाच्या खालच्या चुऱ्यात वाढवतो. बर्फच उशिरा धरला, लवकर गेला, तर मोठ्या माशाच्या सरावाचा उपयोग काय?

म्हणून प्रश्न तापमानाइतकाच पत्त्याचा आहे. भूगोल इथे फार निष्ठुर आहे. उष्ण कटिबंधातला मासा तापला की ध्रुवाकडे सरकू शकतो. अंटार्क्टिकाच्या माशाने कुठे सरकायचं? उत्तरेला पाणी काही अंशांनी एकदम उबदार होतं, ती सीमा आजवर त्याची तटबंदी होती. दक्षिणेला तर खंडच आहे. डोंगरमाथ्यावरच्या झाडाला जसं वर सरकायला आणखी डोंगर नसतो, तसं. उत्तर ध्रुवाकडे परिस्थिती उलटी आहे आणि तीही सुखाची नाही. तिथे समुद्राला दोन महासागरांची दारं उघडी आहेत, कायम गोठलेलं पाणी तुलनेने नवं आहे, आणि खालून येणाऱ्यांना कुणी अडवत नाही. बॅरेंट्स समुद्रात २००४ ते २०१२ या अवघ्या काही वर्षांच्या पाहणीत कॉड आणि हॅडॉक हे अटलांटिकचे धट्टेकट्टे मासे उत्तरेकडे सरकलेले दिसले, आणि तिथले मूळचे छोटे, तळाशी राहणारे ध्रुवीय मासे मागे रेटले गेले. पाहुण्याने घरमालकाला माळ्यावर चढवावं, आणि माळ्याच्या वर छप्परच, असं ते चित्र आहे.

काही जण दुसऱ्या टोकाने येतात. ते म्हणतात, जैवविविधता जपायची तर प्रवाळबेटं जपा, ॲमेझॉन जपा, आपला सह्याद्री जपा, ध्रुवावर मोजून मापून थोड्याच जातींचे मासे, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? संख्येचा मुद्दा खरा आहे. मात्र २०१८ साली डॅनियल रबॉस्की आणि सहकाऱ्यांनी हजारो सागरी माशांच्या वंशवृक्षांचा अभ्यास केला, तेव्हा अपेक्षेच्या नेमकं उलट निघालं. समुद्री माशांच्या नव्या जाती सर्वात वेगाने निर्माण होतात त्या उष्ण प्रवाळबेटांवर नाही, तर दोन्ही ध्रुवांच्या थंड पाण्यात. उष्ण कटिबंधात साठा मोठा आहे, तो जुना जमा आहे. नवी घडण सगळ्यात वेगाने चालू आहे ती थंडीत. संग्रहालयातल्या मूर्ती मोजून कुणी ठरवलं की मूर्तिकारांच्या गल्लीला काही किंमत नाही, तर आपण त्याला काय म्हणू?

आता सगळ्यात टोकदार आक्षेप. समुद्राचा काही भाग राखीव केला तरी नकाशावर रेघ मारून पाणी थंड राहतं का? नाही राहत. कोळसा जळतो तोवर कुठलाही ठराव पाण्याचा पारा खाली आणणार नाही, आणि राखीव क्षेत्र म्हणजे इलाज झाला असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पण आजारी माणसाच्या पाठीवरचं ओझं आपण उतरवतो, ते ओझं उतरवल्याने ताप जातो म्हणून नव्हे. ताप सोसायला अंगात त्राण उरावं म्हणून. आणि हे ओझं काल्पनिक नाही. दक्षिण जॉर्जियाभोवती संगमरवरी ठिपक्यांचा नोटोथेनिया रॉसी हा मासा होता. १९६९-७० च्या एका हंगामात तिथून त्याची सुमारे चार लाख टन मासळी उपसली गेली, मुख्यतः सोव्हिएत जहाजांनी. पुढच्या हंगामात त्याच्या चौथाईच्या आसपास मिळाली, मग साठा बसला तो बसला, आणि १९८५ मध्ये त्याची मासेमारी बंद करावी लागली. थंड पाण्यात वाढ सावकाश होते. अंटार्क्टिक टूथफिशची मादी अंडी घालण्याच्या वयाला यायला सोळा-सतरा वर्षं लागतात. बांगड्याचा हिशेब इथे लावून चालत नाही. आपल्या किनाऱ्यावर दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, आणि कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी समाज नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नव्हता. खवळलेल्या समुद्राची भीती त्यात होती, तशी मासळी अंड्यावर असते ही जाणही होती. त्या दोन महिन्यांनी पावसाळ्याचं तापमान बदलत नाही, तरी त्या बंदीला कुणी निरुपयोगी म्हणत नाही.

हे ठरवतं कोण? अंटार्क्टिकाच्या सागरी जीवांसाठी १९८२ पासून एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे. त्याची बैठक ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला भरते आणि निर्णय एकमतानेच होतो. भारत १९८६ पासून त्याचा सदस्य आहे. या आयोगाने मासेमारीला बरीच शिस्त लावली, हे नाकारता येणार नाही. २०१६ साली रॉस समुद्रात साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे पाच महाराष्ट्र मावतील एवढं, राखीव क्षेत्र मान्यही झालं. वेडेल समुद्र आणि पूर्व अंटार्क्टिका यांचे प्रस्ताव मात्र वर्षानुवर्षं अडले आहेत, मुख्यतः रशिया आणि चीन यांच्या हरकतींमुळे. "मग बोलून काय उपयोग, ते दोघं ऐकणार थोडेच" हा निराशेचा सूर मला मान्य नाही. रॉस समुद्राच्या वेळीही हेच म्हटलं जात होतं. उत्तर ध्रुवाच्या मध्य महासागरात तर मासेमारी सुरू होण्याआधीच ती सोळा वर्षं न करण्याचा करार २०१८ साली ग्रीनलँडमध्ये झाला, २०२१ मध्ये तो लागू झाला, आणि त्यावर रशिया आणि चीन या दोघांच्याही सह्या आहेत. मासे उपसून झाल्यावर बंदी घालण्याचा जगाचा शिरस्ता. इथे पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या समुद्रात आधी अभ्यास आणि मग जाळं असं ठरलं. जे उत्तरेत जमलं ते दक्षिणेत का जमू नये?

भारताने २०२१ साली वेडेल समुद्र आणि पूर्व अंटार्क्टिकाच्या प्रस्तावांचा सहप्रस्तावक होण्याची भूमिका घेतली. मला त्याचं समाधान आहे, आणि ती भूमिका आपल्याकडे फारशी कुणाला माहीतच नाही याची खंतही आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम समुद्रशास्त्रज्ञ डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आजही वास्कोला आहे. मैत्री आणि भारती या तळांवर आपली माणसं थंडीत मुक्काम करतात. म्हणजे हा विषय आपल्यापासून दहा हजार किलोमीटर लांब असला तरी त्याचं एक दार आपल्याच किनाऱ्यावर उघडतं. मग आपल्या वर्तमानपत्रांत होबार्टच्या बैठकीची बातमी का नसते? तिथे जाऊन आपलं शिष्टमंडळ काय बोललं, हे मुंबई-गोव्याच्या खासदारांनी संसदेत का विचारू नये? देशात पाण्याचे, शेतीचे, नोकऱ्यांचे प्रश्न आहेतच, पण होबार्टच्या टेबलावर एक हात वर करायला त्यातला कुठलाही प्रश्न बाजूला ठेवावा लागत नाही.

वेडेल समुद्र का, याचंही उत्तर माशाकडेच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये जर्मन संशोधन जहाज पोलारस्टर्न त्या समुद्राच्या दक्षिण टोकाला, फिल्चनर या समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फमंचाच्या परिसरात, चार-पाचशे मीटर खोल पाण्यातून कॅमेरा ओढत चाललं होतं. तळावर एक गोल खळगा दिसला, मग दुसरा, मग तास उलटले तरी खळगेच. ती हिममाशांची घरटी होती, निओपॅगेटॉप्सिस आयोना या जातीची, प्रत्येक सुमारे पाऊण मीटर रुंद, मधली माती साफ करून तळाशी बारीक खडी ठेवलेली. आजूबाजूपेक्षा तिथलं पाणी दोन अंशांपर्यंत उबदार निघालं. ते वाचून "बघा, त्यांना ऊबच हवी" असं कुणी म्हणेल, म्हणून सांगतो, ती ऊब म्हणजे शून्याच्या आसपास. चित्रांत १६,१६० घरटी मोजली गेली आणि त्यावरून साऱ्या २४० चौरस किलोमीटरच्या वस्तीचा अंदाज बांधला गेला तो सहा कोटी घरट्यांचा. माशांची एवढी मोठी वीण जगात दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. बहुतेक घरट्यांत दीड-दोन हजार अंडी, आणि चारांपैकी तीन घरट्यांवर एकेक मोठा मासा, पांढऱ्या कल्ल्यांचा, अंड्यांच्या अगदी वर, जागचा न हलता पहारा देत होता. काही घरट्यांत तो पहारेकरी मरून पडलेला होता. तिथल्या सीलना ही जागा आधीपासून माहीत होती. अंगावर यंत्र बसवलेले सील पुन्हा पुन्हा तिथेच बुडी मारत होते. त्या समुद्रतळावरून एखादं तळ खरवडणारं जाळं एकदा जरी फिरलं, तर किती घरटी राहतील? त्या जागेला संरक्षण देण्याचा प्रस्ताव २०१६ पासून होबार्टच्या टेबलावर आहे, आणि या ऑक्टोबरातही तो तिथे असेल.